विश्वाचं मौन, तिसरी ओळ

"या पांढऱ्या रंगात मला विश्वाचं मौन दिसतं," समीक्षक फोटोकडे पाठ करून मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघत म्हणाले. मृणालने काढलेले थंडीतल्या द्राक्षबागेचे अमूर्त फोटो प्रदर्शनात लोक सकाळपासून असेच पाठ फिरवून पाहत होते.

बागेचे मालक बोरस्तेअण्णा मात्र चष्मा चढवून फोटोला नाक लावून उभे राहिले.

"डोंबलाचं मौन! भुरी आहे ही! ताई, कोणती ओळ?"

"विहिरीकडून तिसरी. परवाच काढला."

अण्णांनी तिथूनच घरी फोन लावला. "रोग शिरलाय बागेत. तिसऱ्या ओळीपासून गंधक फवारा, आत्ताच्या आत्ता!"

मग ते मृणालकडे वळले. "उरलेले सगळे फोटो नीट बघू द्या."

मृणालने समीक्षकांना खुशाल बाजूला सारलं आणि अण्णांना पुढच्या फोटोपाशी नेलं.