स्टुडिओचा कोट

"पाठीला चिमटा लावला होता," तो माणूस म्हणाला. "कपडे वाळत घालायचा. कोट ढगळ होता ना, म्हणून मागून आवळलेला. फोटोत दिसत नाही, पण मला अजून टोचतो."

धाकटीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. चारेक वर्षांचा मुलगा, गुडघ्यापर्यंत काळा कोट, बाह्या दुमडलेल्या, मागे पडद्यावर रंगवलेल्या पायऱ्या. हा तिचा दादा. भर बाजारात आईच्या हातातून त्याचा हात सुटला आणि तो परत दिसलाच नाही. धाकटी त्यानंतर जन्मली. घरात थोरलं कुणी नसताना ती जन्मभर धाकटीच राहिली. आई रोज तो फोटो पुसायची, पण रडायची ती खिडकीबाहेर बघत. धाकटीला लहानपणी त्याचं नवल वाटायचं.

"कोट स्टुडिओवाल्याचा होता," ती कोरडेपणाने म्हणाली. "अर्ध्या शहराचं लहानपण त्या एका कोटात गेलंय. चिमटा कुणालाही आठवेल."

माणूस चिडला नाही. पन्नाशी उलटलेला वेल्डर होता, हातांवर ठिणग्यांचे डाग. दूरच्या अनाथाश्रमात वाढला होता. आपलं शहर कोणतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो कोट, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्या खोट्या पायऱ्या, एवढीच त्याची शिदोरी. कामासाठी गावोगाव फिरताना तो विचारत राहिला. इथे पोचला तेव्हा स्टुडिओच्या जागी औषधांचं दुकान होतं. कोपऱ्यावर चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्याने त्याचं ऐकून घेतलं आणि या घराची वाट दाखवली.

यापूर्वी असे दोघे येऊन गेले होते. आईने त्यांना उंबऱ्यातूनच परत पाठवलं. एकवार तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, हा नव्हे. त्यानंतर दोन्ही वेळा तिने अंथरूण धरलं होतं. आता तिने ऐंशी ओलांडली होती. तिसऱ्यांदा ती उठायची नाही, हीच धाकटीची धास्ती.

पण आज आई बोलत सुटली होती. समोर लाकडाची वखार होती, दिवसभर करवत किरकिरायची. तू भुशात लोळून यायचास, तुझ्या केसांतून भुसा वेचताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. गिरणीचा भोंगा झाला की बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसायला पळत सुटायचास. एकदा शहराबाहेरच्या भट्टीवरून गरम वीट उचलून आणलीस, मांजराच्या पिल्लाला थंडी वाजते म्हणून. हात भाजला, पण वीट सोडली नाहीस.

माणूस तहानेल्याने पाणी प्यावं तसा ऐकत होता. मध्येच पुटपुटला, "भुसा मानेला टोचायचा."

आई सांगते आणि मग याला आठवतं, हे धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही. "खरं सांगा, आठवतंय तुम्हाला?"

त्याने मान खाली घातली. "नाही ताई. कोट आणि पायऱ्या, बाकी काही नाही. पण आठवावंसं वाटतं."

तिला वाटलं होतं तो रेटून खोटं बोलेल. तिने उठून खिळ्यावरून फोटो काढला आणि त्याच्या गालाजवळ धरला. डाव्या कानाची कड वहीच्या पानासारखी आत दुमडलेली. फोटोतही तशीच. भुवईत एक खोच, तीही तिथेच. ज्या तोंडाचा तिने जन्मभर हेवा केला, ते पांढरी दाढी घेऊन समोर बसलं होतं.

"दादा," ती म्हणाली.

मग तिघंही रडली. बऱ्याच वेळाने तो तोंड धुवायला मागच्या अंगणात गेला. धाकटीने पदराने फोटोची काच पुसली. आता हा कशाला टांगायचा, माणूसच आला की घरी, असं ती हसत म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाली. "त्याचाच आहे तो."

अंगणातून हाक आली, "आई, टॉवेल कुठाय?"

आई उठली, टॉवेल घेतला, आणि दाराशी थांबून हळूच म्हणाली, "पोर हरवल्यावर मी अन्न सोडलं होतं. म्हणून तुझ्या बाबांनी स्टुडिओत पडून असलेला, कुणीच न्यायला न आलेला एक फोटो मागून आणला, रडायला समोर काहीतरी असावं म्हणून. आपल्या पोराचा फोटो कधी काढलाच नव्हता गं." मग डोळे कोरडे करून तिने आवाज चढवला, "आले रे बाळा."