तळ्याकाठचा फोटो

शेलूबाजारच्या संस्कृतीचं लग्न वाशीमच्या प्रज्वलशी ठरलं होतं, आणि दोघं रोज मोबाईलवरच्या एका गेममध्ये आपापल्या पात्रांच्या रूपात भेटायचे. तिथल्या तळ्याकाठी दोघांचा फोटो काढावा असं तिच्या मनात होतं, पण चेहरे धूसर यायचे. शेवटी तिने चित्राचा दर्जा वाढवला, स्क्रीनवरची बटणं लपवली आणि गेममधला सूर्य मावळतीला आणून ऊन थेट चेहऱ्यांवर घेतलं. या वेळी फोटो असा लख्ख आला, की तिच्या वडिलांनी, जगदेवरावांनी, मोबाईलच हातात घेतला.

"कोणतं गाव हाय हे?"

"गेममधलं हाय बाबा. हे मी, आन हा प्रज्वल."

त्यांनी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. साडीच्या निऱ्यासुद्धा दिसत होत्या.

"मंग येवढे दूर दूर काहून उभे राह्यले तुमी?"

संस्कृतीने मान खाली घातली. "लग्नाआधी भेटाचं नाही, असं तुमीच सांगतलं ना."

जगदेवरावांनी मोबाईल तिच्या हातात परत दिला.

"रविवारी त्याले जेवाले बोलाव," ते म्हणाले. "एक फोटो मी काढून देतो."