मावशीचा मिसकॉल

उचगावची अंजना आणि जोतिबावर नारळ विकणारी पूर्णिमा, दोघींची ओळख सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत झाली. दोघींच्याही सासरी कुणाला पत्ता नव्हता. गोळी चुकू नये म्हणून त्यांनी एक ठरवलं. रोज जेवणाआधी गोळी घेतली की एकमेकींना मिसकॉल द्यायचा. उचलायचा मात्र न्हाय. उचलला की घरातले विचारणार, कुणाचा फोन? वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मग एके दिवशी पूर्णिमाचा मिसकॉल आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कंटाळली असेल बया, म्हणून अंजना फुगून बसली. ती देत न्हाय तर मी तरी का देऊ? आपली गोळी ती गुपचूप घेत राहिली. आठवडा गेला. आज भाकरी थापताना तिचा राग निवला आणि पिठाच्या हातानंच तिनं नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. "मावशी?" लहान पोरीचा आवाज आला. "आई गेली आमची. दवाखान्यात नेलती, तिथंच गेली." अंजनानं फोन कानाशी घट्ट धरला. "जाताना फोन माझ्याकडं दिला," पोरगी सांगत होती. "म्हणाली, मावशीचा मिसकॉल आला की तुझी गोळी घ्यायची. रोज फोन घेऊन बसतोय मी. तुमचा आलाच न्हाय." अंजनाचा हात परातीतच राहिला. "माझ्या गोळ्या सगळ्या तशाच हाईत, मावशी," पोरगी म्हणाली. "आता घेऊ?"