भीष्माची दाढ

"ज्ञात्याला वेदना शिवत नाही. वेदना हा देहाचा कांगावा आहे."

एवढं बोलून पितामह भीष्मांनी उजवा गाल धरला आणि "अगं आई गं" करत मेकअपच्या खोलीतल्या ट्रंकेवर बसकण मारली.

पांडुरंगराव तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून आदिलाबादच्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या नाटकात भीष्म तेच. त्यांनी जन्मात गोळी घेतली नव्हती. निदान तसं ते सांगत. समोरचा डोकं दुखतं म्हणाला की हटकून सांगत. शरपंजरी पडलेला भीष्म वैद्यांना परत पाठवतो, त्या वाक्याला दरवर्षी टाळ्या पडत. ते वाक्य याच माणसाच्या तोंडी शोभतं, असं मंडळाचं एकमत होतं. आज त्याच तोंडात दाढ ठणकत होती. सुजलेला गाल दाढीनं झाकला होता. दाढी बाजारातल्या अस्सल कापसाची होती.

घरून निघता निघता दमयंतीबाईंनी त्यांना अर्धी भाकर खायला लावून पॅरासिटामॉलची एक गोळी दिली होती. दार लावून. हे बाहेर फुटलं तर पुढच्या वर्षीचा भीष्म दुसरा कोणी होईल, असं त्यांनी बायकोला बजावलं होतं. आणि आता त्यांची खात्री पटली होती की त्या गोळीत काही दम नाही.

दुर्योधन झालेले गोपाळराव सकाळपासून शिंकत होते. त्यांच्या मुकुटाच्या डब्यात सर्दीची शेवटची गोळी होती. ते नाक शिंकरायला बाहेर गेले आणि पितामहांनी डब्यात हात घातला. ते गोळीचा चकचकीत कागद फाडणार, तोच दमयंतीबाई दाढीच्या पिना घेऊन आत आल्या.

"हे काय करून राह्यले तुमी?"

तिची गोळी कुचकामी निघाली, असं पितामहांनी जबडा न हलवता सांगितलं.

"गोळी म्हंजे का मोटार आहे, बसलं का निघाली? अर्धा-पाऊण तास लागते तिले. अन् हे सर्दीची? हिच्यातबी तेच औषध आहे, नाव तेवढं निराळं. दोन्ही मिळून डबल होईन अन् लिव्हर बसन. माझ्या गुडघ्याच्या वेळी डॉक्टरनं सांगतलं होतं. तवा तुमी बाहेर बसून वेदनेवर भाषण देऊन राह्यले होते."

तिसरी घंटा झाली. गोळी डब्यात परत ठेवायला सवड मिळाली नाही, कारण गोपाळराव येऊन तो डबा उपडा करून शोधत होते. पितामह मूठ आवळून रंगमंचावर गेले.

बाण पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काटक्यांचे होते. पितामहांचा आवाज बारीक, म्हणून त्यातल्याच एका बाणाला त्यांच्या तोंडाजवळ माइक बांधला होता. पडदा उघडला तेव्हा ते असे काही कण्हले की पहिल्या रांगेतल्या कौशल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दोनदा त्यांची मूठ तोंडाकडे गेली. दोन्ही वेळा विंगेतून दमयंतीबाईंनी डोळे वटारले.

मग अर्जुनाचं लांबलचक भाषण सुरू झालं. त्याचं कौतुक करणारा आजवर कोणी भेटला नव्हता, पण त्या रात्री ते उपयोगी पडलं. ते संपत आलं तसा ठणका उतरत गेला. पितामहांच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली की कौशल्याबाईंनी शेजारणीला कोपर मारून ती दाखवली.

दुर्योधन शिंकत शिंकत वैद्यांना घेऊन आला.

"सुयोधना, पाठव त्यांना परत," पितामह गरजले. "या देहाला औषधाची गरज नाही!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. गहिवरून दुर्योधन उशाशी वाकला आणि पुन्हा शिंकला, तशी पितामहांची अर्धी दाढी उडाली. पितामहांना त्याची दया आली. त्यांनी त्याला जवळ ओढलं, मूठ उघडली आणि, आपल्या मते अगदी कानात, म्हणाले,

"गोपाळराव, माझी लागू पडली. ही तुमची सर्दीची तेवढी घेऊन जा."