वारा शांत

बाळाराम विमानतळाच्या हवामान कचेरीत होता. दर रिपोर्टाआधी बाहेर जाऊन वारा पाहायचा आणि मग तो वैमानिकांना कळवायचा, ही त्याची ड्युटी. सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका दुपारी चहा सोडून उठायचा त्याने कंटाळा केला आणि मागचंच 'वारा शांत' पुढे पाठवलं. उतरणारं विमान आडव्या वाऱ्याने धावपट्टीबाहेर गेलं. माणसं थोडक्यात वाचली. त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

त्या रविवारी तो भिवंडीवरून एसटीने दिघाशीला, गावी घरी आला. खळ्यावर आई, द्रौपदी, सुपाने भात वारवत होती. तो जवळ गेला आणि फोलपटं उडेनात. सरळ तिच्या पायांवर पडू लागली. बांधावरचे बांबू मात्र वाकत होते.

"तू आलास का वारा पडतो. तिकडं सरक बरं."

तो सरकला, तशी फोलपटं उडाली. परतला, तशी पडली. शरमेने त्याची मान वर होईना.

"काय करून आलायस रं?"

आईने सूप खाली ठेवलं आणि त्याच्या नाकापुढे तळहात धरला. बराच वेळ धरला.

"बाळा," ती हळूच म्हणाली, "श्वास घे ना."

तो मघापासून घेतच होता.