बेकरीवाल्याची सुट्टी

लग्नानंतर पहिल्यांदाच बेकरी मुलाच्या हाती सोपवून बेकरीवाला बायकोला घेऊन दोन दिवसांसाठी जवळच्या बेटावर आला होता. पण समुद्राकडे त्याचं लक्षच नव्हतं. किनाऱ्यावर बसल्या बसल्या त्याची बोटं पीठ मळावं तशी वाळू मळत होती. मध्येच तो हात झटकायचा, मोबाईल काढून बघायचा आणि परत खिशात ठेवायचा.

“रेंज आहे ना गं इथे?”

“आहे की. मघाशीही तेच विचारलंत.”

“पाव नीट फुगले असतील ना?”

“तुमच्यावाचूनही फुगतात हो ते.”

तो मान खाली घालून परत वाळू मळू लागला. आपण उगाच बोललो, असं तिला वाटलं. चहा आणते असं सांगून ती टपरीकडे गेली आणि तिथून तिने मुलाला फोन लावला.

“अरे, बाबांना फोन करून काहीतरी विचार. काहीही विचार. त्यांचा जीव थाऱ्यावर नाही.”

“आई, मला विचारायचंच आहे गं. सकाळचे पाव करपले, दुपारचे कच्चे राहिले. पण बाबांनीच दम भरलाय. म्हणाले, तुझ्या आईची ही पहिली सुट्टी आहे, आभाळ कोसळलं तरी फोन करायचा नाही.”

चहाचे दोन पेले घेऊन ती परत आली आणि त्याच्या शेजारी टेकली.

“अहो, पोराला एक फोन लावा ना,” ती म्हणाली. “मला मेलीला उगाच काळजी वाटतेय.”