भिंतीकडचा गाल

बाप्तिस्म्याचं दगडी कुंड भिंतीपासून हातभर पुढे सरकलं. मागे गेलेला पाथरवट पहार हातात धरून वाकला तो वाकलेलाच राहिला.

“फादर,” तो म्हणाला, “इथे कोणीतरी आहे.”

फादर धावले. त्यांच्या मागे बाळाची आत्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, फोनचा दिवा लावूनच. बाप्तिस्मा अकराला होता, आता साडेनऊ झाले होते. कुंडाखालून पाणी झिरपत होतं म्हणून पाथरवटाला घाईघाईने बोलावलं होतं. कुंडाची पाठ कोणी पाहिलेली नव्हती. ती कायम भिंतीकडे होती.

पाठीवर चेहरा होता. गोल, गुबगुबीत. भोवती ज्वाळांसारखी टोकं.

“सूर्य!” आत्या ओरडली. तिचा आवाज घुमटापर्यंत जाऊन परत आला. “फादर, सूर्य आहे हा! जुन्या देवळातला दगड आहे. मी काय म्हणत होते दोन वर्षं? आपल्या चर्चमधला धूप त्यांचा, दिवे त्यांचे, संतांच्या डोक्यामागचं तेजसुद्धा ह्याचंच.”

“हळू,” फादर म्हणाले. पण ते स्वतःच गुडघ्यांवर बसले होते आणि झग्याला चिखल लागल्याचं त्यांना कळलं नव्हतं. “सुंदर आहे गं. पण सारखं दिसतं म्हणून नातं लागत नाही. मासा पोहतो, देवमासाही पोहतो. तूच शिकवलंस मला.”

“नातं हाडांवरून ठरवतात. हे बघा हाड, समोर उभं आहे.”

“दगड त्यांचा असेल. बाप्तिस्मा कशावरून?”

“मला विचाराल तर,” पाथरवट म्हणाला, “चांगला दगड कोणी फेकत नाही. पडक्या घराचा उंबरा दुसऱ्याच्या पायरीला जातो. देवबीव काही नाही, आयता मिळाला, आतून कोरला, लावला.”

“काय लावला?”

दारात बाळाची आजी उभी होती. हातात फुलांची टोपली. तिने टोपली बाकावर ठेवली, चष्मा लावला आणि त्या चेहऱ्याकडे पाहिलं.

“हा कोण?”

“आई, हा सूर्यदेव. आपल्या घरातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा ह्याच्या पाठीवर झालाय,” आत्याला आनंद आवरत नव्हता. “तुझा, माझा, दादाचा.”

आजी फुलांसारखीच पांढरी पडली. मग लाल झाली.

“माझ्या नातीला मी ह्याच्यावर धरू देणार नाही. फादर, पाहुण्यांना मी काय ते सांगते. आज बाप्तिस्मा होणार नाही.”

“अहो, पाणी तर मी आशीर्वादित करणार आहे—”

“पाणी तुमचं. दगड कोणाचा?”

“बघा!” आत्या म्हणाली. “आईसुद्धा माझ्याच बाजूने बोलते.”

“तू गप्प बस. तुझ्यामुळेच निघाला हा.”

“माझ्यामुळे नाही, गळतीमुळे.”

फादर आजीची समजूत घालायला उठले. पाथरवटाला त्या भांडणात रस नव्हता. तो बोटांनी चेहरा चाचपत होता. ज्वाळांची टोकं, नाक, एक गाल, दुसरा गाल. दुसऱ्या गालावर त्याचं बोट थांबलं.

“हे छिन्नीचं काम नाही,” तो म्हणाला. “हे हाताने झिजलंय.”

आत्या झटकन खाली बसली. नाक धारदार होतं. ज्वाळा धारदार होत्या. उजवा गाल खडबडीत. डावा तेवढा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. ती उठली, कुंड आधी जिथे होतं ती जागा तिने पाहिली. एका बाजूला कोपऱ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला तेव्हा हात जाईल एवढी फट राहिली असणार. तिने हवेतच हात आत घालून पाहिला, वाकवला, मनात मोजलं.

“देवळात झिजला असता तर नाकासकट झिजला असता,” ती म्हणाली. आता ती कुजबुजत होती आणि तिचे डोळे चमकत होते. “हा फक्त इथे झिजलाय, जिथे फटीतून हात पोचतो. म्हणजे कुंड चर्चमध्ये बसवल्यानंतर. फादर, तुमचीच माणसं शेकडो वर्षं चोरून सूर्याला हात लावत होती! मी जिंकले.”

“चोरून कशाला?” आजी म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं.

“चोरून कशाला,” आजी पुन्हा म्हणाली, पण आवाज खाली आला होता. “सासूबाईंनी दाखवलं होतं. बाळाच्या डोक्यावर पाणी पडत असताना आईने मागे हात घालायचा. त्यांना त्यांच्या सासूने दाखवलं होतं. पुरुषांना सांगायचं नसतं.” तिने फादरांकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं. “तुझ्या वेळी तर मी हात काढलाच नाही. आठ दिवस ताप होता तुला. डॉक्टरांनी हात टेकले होते.”

“आई, पण तो...”

“मला वाटायचं बाळ येशूचा गाल आहे. दिसत कुठे होतं कोणाला? गार, गुळगुळीत. लहान मुलाचाच वाटतो.”

आत्याने तोंड उघडलं. तिच्याकडे सांगण्यासारखं अजून बरंच होतं. तिने फोनचा दिवा बंद केला. फादर गालाकडे बघत होते, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे.

“मावशी,” पाथरवट म्हणाला, “गळतीची चीर सापडली. चुना कालवलाय, लगेच भरतो, अकरापर्यंत धरेल. मग कुंड परत भिंतीला लावू, की राहू दे असंच?”

आजी कुंडामागे गेली. पदराचं टोक तिने जिभेला लावून ओलं केलं, आणि खेळून आलेल्या पोराचं पुसावं तसं त्या चेहऱ्यावरचं चुन्याचं पांढरं पुसून काढलं. कपाळ, नाक, दोन्ही गाल.

“लावा,” ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. “आणि तू बघत काय बसलीस? वहिनीला आत पाठव. हात कुठे घालायचा ते तिला अजून दाखवलेलं नाही.”